आधी नाव लागू द्या, मग सही घ्या

प्रति,
मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



गावचा तलाठी (त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं शासनानं ठरवलंय, लोक अजून भाऊसाहेबच म्हणतात) आणि तालुक्याचा दुय्यम निबंधक, दोघेही आपल्याच खात्यातले. म्हणून हे पत्र विधी व न्याय खात्याला न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

मी तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी बाजूची वकिली करते. वाटपाचे दावे हे आमचं रोजचं काम. कधी बहिणीकडून उभी राहते, कधी भावाकडून. भावाची कैफियत लिहायला घेतली की पक्षकार खुर्ची पुढे ओढून पहिलं वाक्य स्वतःच सांगतो, "लिहा मॅडम, बहीण तशी वाईट नाही, दाजींनी भरीला घातलं." बहिणीचा दावा लिहायचा असला की तीही ठरलेलं वाक्य सांगते, "जमिनीचं सोडा हो, पण मला विचारलंसुद्धा नाही." दोघांच्याही बोलण्यात खोटं फारसं नसतं. पण दाजी बिचारे या गोष्टीत फार उशिरा येतात. भांडणाची तयारी त्याआधीच पुरी झालेली असते. ती बापाच्या गप्प बसण्यानं होते आणि आपल्या खात्यातल्या दोन कागदांनी होते. बापाकडे नंतर वळते. आधी कागद, कारण ते आपल्या हातात आहेत.

खातेदार वारला की जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची. मग गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नावं, नमुना ६ मध्ये फेरफार, संबंधितांना नोटिसा, हरकतीसाठी पंधरा दिवस, आणि मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली की सातबाऱ्यावर नवी नावं. पद्धत म्हणून यात खोट काढण्यासारखं काही नाही. लोकांनी मात्र तिच्यातून दोन वाटा काढल्या आहेत. एक जुनी, राकट वाट. वर्दीसोबतच्या प्रतिज्ञापत्रात मुलींची नावंच घालायची नाहीत. 'मयतास पत्नी व दोन मुलगे याशिवाय अन्य वारस नाहीत', खाली पंचांच्या सह्या. याच पंचांनी त्या मुलींच्या लग्नात पंगती वाढलेल्या असतात.

दुसरी वाट सभ्य आहे, म्हणून जास्त रुळलेली आहे. तिचं नाव हक्कसोडपत्र. दहाव्याला नाहीतर तेराव्याला सगळा गोतावळा जमलेला असतो. लेकी रडून रडून थकलेल्या, एक पुण्याहून आलेली, एक सोलापूरकडची, दोघींनाही परतायची घाई. अशा वेळी एखादा चुलता किंवा मामा मवाळ आवाजात म्हणतो, "पोरींनो, आलाच आहात तर तालुक्याला जाऊन तेवढं आटपून घ्या. परत परत कुठं यायचं?" दस्तलेखकाकडे मजकूर तयारच असतो: स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, विनामोबदला. फक्त नावं आणि गट नंबर बदलायचे. निबंधक कार्यालयात कॅमेऱ्यासमोर बसायचं, यंत्रावर अंगठा ठेवायचा, दोन ओळखदार, दोन साक्षीदार, संपलं. नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकानं एवढंच पाहायचं की समोरची व्यक्ती तीच आहे का आणि दस्त करून दिल्याचं तिला कबूल आहे का. ती किती क्षेत्र सोडते आहे, आजच्या भावानं त्याचं मोल किती, वारस म्हणून तिचं नाव सातबाऱ्याला लागलं तरी आहे का, हे विचारणं त्याच्या कामात येत नाही आणि तो विचारत नाही. परतताना भाऊ कापडाच्या दुकानात नेतो. साडीचोळी होते.

वारसाचा फेरफार आणि हक्कसोडीचा फेरफार यांचे क्रमांक कित्येकदा लागोपाठचे असतात. तिचं नाव लागतं आणि त्याच पानावर कमी होतं. आपण मालक होतो हे तिला कळायलाही तेवढा वेळ पुरत नाही.

आता दरांचं पाहा. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क भावाच्या नावे सोडायला मुद्रांक नाममात्र लागतो. तीच जमीन भावानं तिच्याकडून रीतसर पैसे मोजून खरेदीखतानं घ्यायची म्हटली, तर बाजारमूल्यावर शुल्क. म्हणजे बहिणीनं फुकट सोडावं याला शासनाची सवलत आणि भावानं तिला काही द्यावं याच्यावर शासनाचा कर. हे कोणी मुद्दाम ठरवलं असं मी म्हणणार नाही. घरातल्या घरात फार खर्च नको, हा चांगलाच हेतू त्यामागे होता. पण परिणाम असा झाला आहे की चार पैसे देणारा भावसुद्धा ते रोख, बंद पाकिटात देतो आणि दस्तात 'विनामोबदला' लिहितो. पुढे तिनं दावा लावला की त्याच्याकडे दिल्याचा पुरावा नसतो. मग तो माझ्यासमोर बसून डोळ्यांत पाणी आणून सांगतो की मॅडम, मी दिलेत हो. मी त्याच्यावर विश्वास ठेवते. न्यायाधीश कशाच्या आधारावर ठेवणार?

दुसरा कागद सातबारा. जुने हस्तलिखित उतारे काढून पाहा. बाप गेल्यावर मुलगे कब्जेदार सदरी, आणि आई व बहिणी 'इतर हक्क' या रकान्यात. त्या रकान्यात आणखी कोण राहतं ते आपल्याला माहीत आहे: सोसायटीचा बोजा, बँकेचं तारण, विहिरीतला हिस्सा, कुळाची नोंद, पुनर्वसनाचा शेरा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं विधवा, मुलगी, मुलगा आणि मयताची आई यांना पहिल्या वर्गाच्या वारसांत एका ओळीत बसवलं. वडिलोपार्जित जमिनीत तेव्हा मुलीचा वाटा मुलापेक्षा लहान होता, तो बापाच्या हिश्श्यातून येत होता, हे खरं. पण लहान वाट्याचा मालकही मालकच. तलाठी दप्तरानं तिला मालकांच्या यादीत न घेता बोजांच्या शेजारी बसवलं आणि संगणकीकरण झालं तेव्हा ते तसंच्या तसं संगणकात उतरलं. आज धाकट्या पिढीतला पुतण्या मोबाइलवर उतारा काढतो, कब्जेदारांत आत्याचं नाव दिसत नाही, आणि तो प्रामाणिकपणे समजतो की आत्याचा काही संबंध नाही.

कायदा तिथं थांबला नाही. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रानं मुलीला जन्मानं सहदायाद केलं, केंद्राच्या अकरा वर्षं आधी. पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना दाराबाहेर ठेवलं. एकाच घरातल्या दोन बहिणी, एकीचं लग्न मे महिन्यात, दुसरीचं पुढच्या दिवाळीनंतर, आणि दोघींचा कायदा वेगळा. ही विसंगती ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं गेली. मग बाप त्या तारखेला हयात हवा की नको यावर पंधरा वर्षं कोर्टांत घोळ चालला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं हवा, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की नको, हक्क जन्मानं आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर रीतीनं झालेली वाटपं आणि विक्री तेवढी अबाधित. वाटपाचे दावे त्यानंतर वाढले याचा लोक राग करतात. मला विचाराल तर ते दावे त्या निकालानं जन्माला घातलेले नाहीत. ते आधीच 'इतर हक्क' मध्ये पडून होते, आणि समृद्धी महामार्गासारख्या रस्त्याची मोजणी आली, भूसंपादनाच्या नोटिसा निघाल्या, संमतीपत्रावर सही हवी म्हणून वीस वर्षांनी बहिणीला फोन गेला की उभे राहिले.

इथं भावाची बाजू सांगितली पाहिजे, कारण ती खोटी नाही. राज्यातलं सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या कृषी गणनेत दीड हेक्टरच्याही आत आलेलं आहे. दोन भाऊ, दोन बहिणी, आई, आणि आजी हयात असेल तर तीही. एवढ्या नावांचा सातबारा घेऊन तो पीककर्जाला गेला की बँक सगळ्यांच्या सह्या मागते. अतिवृष्टीचं अनुदान आलं की संमतीपत्र, विहिरीची योजना आली की संमतीपत्र, विजेच्या जोडणीला संमतीपत्र. एक बहीण गुजरातेत, एकीचा मुलगा म्हणतो मामानं आधी हिशोब द्यावा. शेतात राबणारा तो, औषधपाणी करत आईला सांभाळणारी त्याची बायको, बापाच्या आजारपणाचं कर्ज फेडलेलं त्यानं. "आमच्या बायकोनं वीस वर्षं शेण काढलं त्याची आणेवारी कुठल्या रकान्यात लिहायची?" असं एका पक्षकारानं मला विचारलं होतं. मी त्याच्या विरुद्ध बाजूला होते. प्रश्न मात्र मला पटला. (त्या बायकोला स्वतःच्या माहेरच्या उताऱ्यावर स्वतःचं नाव आहे का हे त्याला विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही, उलटतपासात बसत नव्हतं.)

आणि भांडण केवळ बहीणभावाचं नाही. थोरल्या भावाचं नाव 'एकुमॅ' (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून लागलेलं, धाकटे पुण्या-मुंबईला गिरणीत, कारखान्यात. तीस वर्षं उताऱ्यावर एकच नाव. थोरला गेला की त्याची मुलं वारस लावतात आणि एकत्र कुटुंबाचं शेत एका शाखेचं होऊन बसतं. चुलते निवृत्त होऊन गावी परततात तेव्हा घर बांधायलासुद्धा जागा उरलेली नसते. खातेफोड वेळच्या वेळी झाली असती तर हे टळलं असतं. ती होत नाही, कारण वाटणी मागणं म्हणजे घर फोडणं, अशी आपली समजूत.

यातून बाहेर पडायचा मार्ग दाव्यातून जातो तेव्हा काय होतं तेही सांगते. प्राथमिक हुकूमनाम्यात कोर्ट हिस्से ठरवतं. सारा आकारलेल्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे पुन्हा आपल्याकडे येतं. तिथून तहसीलदार, तिथून भूमी अभिलेखची मोजणी, मोजणीदार आला की एकाचा ऊस उभा, दुसऱ्याची हरकत. स्त्रीला मालमत्तेच्या वादात कोर्ट फी माफ आहे, १९९४ च्या अधिसूचनेनं. फी माफ झाली तरी वय थोडंच माफ होतं. पन्नाशीत दावा लावलेल्या बाईच्या जागी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला तिची मुलं उभी असतात.

म्हणून मला बापाकडे यायचं आहे. यातलं बरंच काही एक माणूस हयातीत करू शकत होता आणि त्यानं केलं नाही. तो का करत नाही? मरणाचं बोलणं अभद्र, हे एक. दुसरं खरं कारण भीती. हयातीत वाटून दिलं तर पोरं विचारणार नाहीत. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या 'नटसम्राट'नं ही भीती मराठी घराघरांत नेली. सगळं मुलांना देऊन टाकलेल्या म्हाताऱ्याचं काय होतं ते लोकांनी पाहिलं आणि त्यातून हातची किल्ली न सोडण्याचा धडा घेतला. पण हे बक्षीसपत्राला लागू आहे, मृत्युपत्राला नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावरच अमलात येतं, तोवर सगळं त्याचंच असतं, आणि कितीही वेळा बदलता येतं. शेवटचं असेल ते खरं. बक्षीसपत्रातही, सांभाळ करण्याची अट घातलेली असेल आणि मुलानं ती मोडली तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ मदतीला येतं. दस्तलेखक ही अट सहसा घालत नाहीत. मागितली तर घालतात.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहून त्यानं सही करावी आणि ती करताना पाहणाऱ्या दोघांनी सह्या कराव्यात, बस. साक्षीदार मात्र आपल्यापेक्षा तरुण निवडावेत. हे बारीक वाटेल, पण सत्तरीतला माणूस आपल्या सत्तरीतल्या मित्रांच्या सह्या घेतो, आणि मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायची वेळ येते तेव्हा साक्षीला आणायला त्यातला एकही उरलेला नसतो. शिवाय त्यात आपल्याच हिश्श्यापुरतं लिहिता येतं. 'वडिलोपार्जित संपूर्ण शेत माझ्या दोन मुलांना' असं लिहिणाऱ्या बापाला मुलींचा जन्मजात हिस्सा वाटता येत नाही, तो त्याचा नसतोच. आणि मुलीच्या लग्नात तिच्याकडून मुद्रांकावर 'मला पुढे काही नको' असं लिहून घेणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं की बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत तो जिवंत असताना वारसाला हक्कच नसतो, आणि जे नाही ते सोडून देता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ नं नुसती वारशाची आशा हस्तांतरित करायला मनाई केली आहे. तो कागद कपाटात ठेवायला ठीक आहे.

स्वकष्टार्जित मिळकत मात्र बाप हवी त्याला देऊ शकतो, मुलीला वगळूनसुद्धा. शेजारच्या गोव्यात तसं होत नाही. तिथं पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वारसा कायद्यात आईबापांना मृत्युपत्रानं निम्म्याच मिळकतीची विल्हेवाट लावता येते. उरलेली निम्मी मुलांची, मुलगे आणि मुली सारख्याच, आणि बाप गेल्यावर मिळकतीच्या यादीत, म्हणजे इन्व्हेंटरीत, सगळ्यांची नावं येतात. सावंतवाडीची मुलगी आणि पेडण्याची तिची मैत्रीण यांच्या माहेरांत नदीएवढंच अंतर असतं, हक्कांत मात्र कितीतरी. मी गोव्याचा कायदा इकडे आणा असं म्हणत नाही. आपल्याकडे बापाला पूर्ण मोकळीक आहे, तर निदान त्यानं ती तोंड उघडून वापरावी, एवढंच. मुलीला कमी द्यायचं असेल तर तसं लिहावं, का ते लिहावं, आणि तिला स्वतः सांगावं. मी पाहिलेल्या दाव्यांत कमी मिळालेल्या मुली थोड्या होत्या. बापानं गप्प राहून भावांच्या हवाली केलेल्या मुलीच जास्त.

बायकांनी स्वतःचं मृत्युपत्र करणं तर आणखी निकडीचं आहे. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली आणि तिला नवरा-मुलं नसली, तर उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिची स्वतःची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं होतं. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत विधवा झालेली, सासरहून हाकललेली मुलगी. माहेरानं शिकवलं, नोकरी केली, पुंजी जमवली. ती गेल्यावर आईनं मागणी केली आणि कायद्यानं पुंजी दिली नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. सहानुभूती हा निकालाचा आधार होऊ शकत नाही, असं न्यायालयाला म्हणावं लागलं. तिच्या हातचा एक कागद असता तर हे घडलं नसतं. अंगणवाडी सेविका, शिक्षिका, परिचारिका यांना हे कोणी सांगत नाही. भविष्य निर्वाह निधीवर नामनिर्देशन केलं की सगळं झालं, असं त्या समजतात. शहरातल्या फ्लॅटवाल्यांचाही हाच गैरसमज. सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी लिहिलेला माणूस रक्कम किंवा सदनिका वारसांच्या वतीनं हाती घेतो, मालक होत नाही. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं.

महोदय, २०२५ मध्ये आपल्या खात्यानं 'जिवंत सातबारा' ही मोहीम बुलढाण्यातून सुरू करून राज्यभर नेली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला तलाठी गावोगाव बसले. आमच्या तालुक्यात ज्यांचे आजोबा पन्नास वर्षांपूर्वी गेले त्यांचीही दप्तरं उघडली. हे काम मोठं होतं आणि मी ते मोठंच म्हणेन. त्याच मोहिमेच्या पाठीवर मला काही मागायचं आहे.

पहिलं म्हणजे क्रम बदला. वारस म्हणून बहिणीचं नाव कब्जेदार सदरी लागून नोंद प्रमाणित झाल्याशिवाय तिच्या हक्कसोडपत्राची नोंदणी होऊ देऊ नका, आणि नाव लागल्यापासून किमान सहा महिने जाऊ द्या. सहा महिन्यांत दुःख कमी होतं, माणसं घरी परततात, नवऱ्याशी, मुलांशी, एखाद्या जाणत्याशी बोलतात. तेव्हाही तिला सोडावंसं वाटलं तर तिनं खुशाल सोडावं. प्रेमानं हक्क सोडणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत, त्यांचा अपमान करायचा मला हक्क नाही. त्या सहा महिन्यांनीही तेच करतील. सहीच्या दिवशी दुय्यम निबंधकानं भाऊ, चुलते आणि दस्तलेखक यांना बाहेर बसवून तिला एकटीला विचारावं, आणि तिच्या हाती एक छापील पान द्यावं: गट नंबर, तिच्या हिश्श्याचं क्षेत्र, शासनाच्याच वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे त्याची किंमत. या तिन्ही गोष्टींची माहिती आपल्या यंत्रणेत आधीच आहे. मोबदला दिला असेल तर तो दस्तात लिहावा आणि लिहिला तरी शुल्क नाममात्रच राहील, अशी स्पष्ट तजवीज करा, म्हणजे भावाचं बंद पाकीटही उघड्यावर येईल आणि त्याला पुरावा मिळेल.

भावाच्या अडचणीवर उपाय तिचं नाव काढणं नाही. कर्ज, अनुदान, विमा यांसाठी कसणाऱ्या सहहिस्सेदाराला मर्यादित अधिकार देणारं एकदाच करायचं साधं संमतीपत्र आणा, जे विक्रीला, गहाणाला आणि हक्कसोडीला लागू पडणार नाही. बहिणीच्या सहीसाठी दर खरिपाला धावपळ थांबली तर तिचं नाव त्याला काट्यासारखं टोचणार नाही. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय झालाच आहे. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खालच्या वाटपाचे अर्ज तहसीलमध्ये किती काळ पडून राहतात तेवढं पाहा.

दुसरं मागणं आकड्याचं. दस्त आय-सरिता प्रणालीत नोंदले जातात आणि फेरफार ई-फेरफारमध्ये. दोन्ही संगणक आपलेच. गेल्या पाच वर्षांत किती हक्कसोडपत्रं झाली, त्यांतली किती स्त्रियांनी पुरुषांच्या लाभात केली, किती उलट झाली, आणि बाप वारल्यापासून सरासरी कितव्या दिवशी झाली, एवढं तालुकावार काढून प्रसिद्ध करा. 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा दीड हजार रुपये कोणाच्या खात्यात गेले याची मोजदाद शासन नेमकी ठेवतं. त्याच बायकांनी त्याच वर्षी किती एकर सोडलं, हेही मोजता येण्यासारखं आहे. 'इतर हक्क' मध्ये वारस म्हणून पडलेल्या बायकांची नावं शोधून काढणंही संगणकाला अवघड नाही. त्यांना नोटीस पाठवा आणि सुनावणी घेऊन कब्जेदार सदरी आणा. हरकती येतील, दावेही येतील. ते आज आले तर साक्षीदार जिवंत आहेत.

आणि शेवटचं बापांसाठी. फेरफार अदालतीसारखा वर्षातून एक दिवस प्रत्येक मंडळात मृत्युपत्र आणि हयातीतल्या वाटणीसाठी ठेवा. तालुका विधी सेवा समितीचा वकील, सरकारी दवाखान्यातला डॉक्टर, दुय्यम निबंधक आणि दोन तरुण साक्षीदार एका जागी मिळाले तर म्हातारा माणूस एसटीनं तालुक्याला खेटे घालणार नाही. मुलगा गाडी काढून नेतो तेव्हा मृत्युपत्र त्या मुलाच्याच बाजूचं निघतं, हा आमचा कोर्टातला नेहमीचा अनुभव. गावातच, मुलाच्या गाडीशिवाय ते झालं तर त्यावर शंका घ्यायला आम्हा वकिलांना जागा कमी राहील. आमचं थोडं काम जाईल, ते जाऊ द्या.

यातल्या क्रम बदलण्याच्या आणि मोबदल्याच्या मुद्द्यांना नियमात किंवा मुद्रांक अधिनियमात दुरुस्ती लागेल. बाकीचं बरंचसं परिपत्रकानं होण्यासारखं आहे, आणि ते येत्या खरीप कर्जवाटपापूर्वी निघालं तर अनेकांना उपयोगी पडेल. मसुद्यासाठी तालुका पातळीवरच्या वकिलांची, मंडळ अधिकाऱ्यांची आणि दस्तलेखकांची एकत्र बैठक बोलावलीत, तर मी स्वखर्चानं येईन.



आपली विश्वासू,
तालुका न्यायालयातील एक दिवाणी वकील